ट्रॅक्टरचा बॅकहो, घरचा रस्ता आणि डोंगराकडचं गटार

आमचं घर डांबरी रस्त्यापासून ३१० मीटर आत, म्हणजे खरं तर खाली. संगमेश्वर तालुक्यात असं घर असलं की पावसाळ्याचे चार महिने रस्त्याची चाकरी ठरलेली. रस्ता जांभ्याच्या मुरमाचा, १० फूट रुंद. वरचे ८० मीटर उभी घाटी, १० मीटरला मीटरभर उतार. मधले १५० मीटर त्यामानाने बरे, १० मीटरला ४० सेंटिमीटर. शेवटचे ८० मीटर पुन्हा घसरगुंडी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली पोफळीची बाग.

एसटीच्या डेपोत मी २६ वर्षं मेकॅनिक होतो. निवृत्तीच्या पैशातून ५० एचपीचा जुना ट्रॅक्टर घेतला, पुढे माती उचलायचा लोडर आणि मागे बॅकहो, म्हणजे टोकाला बकेट असलेला खणायचा हात, बसवलेला. ट्रॅक्टर अंगणात उभा राहिला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, विहिरीचा पंप दुरुस्त होईना आणि हे धूड कुठून आणलंत?" आमच्याकडे बॅकहो म्हटलं तर कुणाला कळत नाही; कुठल्याही रंगाचं असो, सगळं जेसीबीच. पण मोठं मशीन साडेसात टनांच्या आसपास भरतं. माझं धूड सगळ्या जोडणीसकट चार टनांच्या घरात. मोठ्या मशीनच्या ड्रायव्हरचं बघून तसंच चालवायला गेलात तर ट्रॅक्टर तुम्हाला धडा शिकवतो.

मला शिकवला पहिल्याच वर्षी. मागे ६० सेंटिमीटरची दातांची बकेट होती. मी मे महिन्यात डोंगराच्या कडेने सरळ तीन फूट खोल चर मारत गेलो, दोन्ही भिंती उभ्या, अगदी पाइपलाइन टाकायची असावी तशा. दिसायला काय सुंदर दिसत होतं! आषाढात भिंती आत ढासळल्या, माती अडली, पाणी चर सोडून रस्त्यावर आलं आणि वरच्या ८० मीटरांतला ९ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम एका रात्रीत पोफळीत जाऊन बसला. चुलतभावाची मोटरसायकल चरात गेली ती वेगळी. तीन फूट खोल खड्ड्यातून गाडी बाहेर काढायला चार माणसं लागली आणि तो पुढचे दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

तेव्हा बसून हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. डोंगराकडून माझ्या रस्त्यावर उतरणारं पाणी साधारण ३० गुंठ्यांवरचं. गुंठा म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. सरकारदरबारी दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी. आमच्याकडे जुलैत एखाद्या तासात ५० मिलिमीटर पडलं तरी कुणी खिडकीतून मान बाहेर काढून बघत नाही. तर ३,००० चौरस मीटरवर तासाला ५० मिलिमीटर म्हणजे दीड लाख लिटर. जमीन तोवर तुडुंब झालेली असते, मुरत काहीच नाही असं धरा. सेकंदाला ४२ लिटर झाले. दोन मोठ्या बादल्या.

आता गटार बघू. तळ ४५ सेंटिमीटर, खोली ३०, दोन्ही बाजू ४५ अंशांत तिरक्या, म्हणजे तोंड १०५ सेंटिमीटर. पाणी सेकंदाला एक मीटरच्या चालीने गेलं तरी त्यातून सव्वादोनशे लिटर निघून जातं. गरजेच्या पाचपट! मी तीन फूट खोल खणलं होतं ते नुसतं डिझेल जाळलं. गटार खोल नको, पसरट हवं, बाजू तिरक्या हव्यात आणि तळ गुळगुळीत हवा. पुढचे सगळे फेरफार मी एवढ्यासाठीच केले.

आधी चौकट बघा

बकेटकडे वळण्याआधी ट्रॅक्टरच्या पोटाखाली वाका. बॅकहो दोन तऱ्हांनी बसवलेला सापडतो. एकात लोखंडी चौकट मागच्या धुऱ्यापासून पुढे इंजिनपर्यंत गेलेली असते आणि बॅकहो त्या चौकटीवर बसतो. दुसऱ्यात तो नांगरासारखा नुसता थ्री पॉइंट लिंकेजला, म्हणजे अवजारं जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना, टांगलेला असतो. दुसरा प्रकार स्वस्तात मिळतो आणि तो घेऊ नका. खणताना बकेट जमिनीत रुतते आणि सगळा जोर उलटा वर येतो. लिंकेजला वर जायला आडकाठी नसते, त्यामुळे बॅकहोचं बसकट उचललं जाऊन चालवणारा ट्रॅक्टरच्या सीटमध्ये चेपला जाऊ शकतो. वर ट्रॅक्टरचं मागचं हाउसिंग तडकतं ते निराळंच. माझ्याकडे चौकट होती, पण चारपैकी एक पिन झिजून अंडाकृती झालेली. ती लेथवर नवी करून घेतली, भोकाला बुश मारला, मगच पुढे गेलो.

होज पाइप गळतो का हे बघताना हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून दीडशे बारच्या दाबाने निघालेलं ऑइल कातडीत शिरतं, दिसतं डास चावल्यासारखं, आणि बोट कापायची पाळी येते. पुठ्ठ्याचा तुकडा पाइपच्या कडेने फिरवायचा, गळती असेल तिथे पुठ्ठा भिजतो. पाइप सोडायचा असेल तर बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, सगळे लिव्हर दोन-तीनदा मागेपुढे करायचे. मग पाना लावायचा.

बकेट: रुंदी वाढवा, पोट कमी करा

सुरुवातीला मी जुगाडच केला. दातांच्या टोकांवर आडवा अँगल बोल्टने आवळला, म्हणजे दात झाकले जाऊन धार सपाट होईल. गाळ काढायला तो चालला. जांभ्याच्या पहिल्या कातळावर आपटला आणि केळीच्या पानासारखा वळला. वर्षातून एकदा नुसता पालापाचोळा काढायचा असेल तर तेवढं पुरे, नाहीतर दुसरी बकेट बनवा.

मी बनवली ती ९० सेंटिमीटर रुंद, बिनदाताची. १२० ची करायचा मोह झाला होता, कारण भंगारात तेवढी पट्टी मिळत होती. पण बाहेर ताणलेल्या हाताच्या टोकाला काय वजन लटकणार ते मोजा. ओला गाळ घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास. माझ्या बकेटीत ०.१२ घनमीटर मावतो, म्हणजे २१६ किलो, आणि बकेटीचं स्वतःचं १३० किलो. हे साडेतीनशे किलो हात बाजूला पूर्ण पसरून उचलायचे. ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं झालेलं सीटवर बसल्या बसल्या कळतं. त्यामुळे रुंदी दीडपट केली तेवढंच पोट उथळ केलं. उथळ पोटाचा आणखी फायदा असा की चिकट माती आत बसत नाही, बकेट उलटी केली की पडते.

गाभ्याला ८ मिलिमीटर पत्रा, दोन्ही गालांना १०, कानांना २० आणि धारेला १६ मिलिमीटर जाडीची पट्टी. पट्टी मोटर ग्रेडरच्या, म्हणजे रस्ता सपाट करायच्या मशीनच्या, जुन्या पात्याची, भंगारातून. हे पातं भयंकर चिवट असतं, पण त्यात कार्बन जास्त, म्हणून थंड पात्याला सरळ वेल्डिंग मारलं की जोडाच्या कडेने चीर जाते. पहिल्या वेळी माझी गेलीच. वेल्डर म्हणाला, "काका, रॉडच खराब." रॉड खराब नव्हता, आमच्याकडची हवा दमट. ७०१८ चा लो-हायड्रोजन रॉड लागतो आणि तो कोरडा ठणठणीत लागतो. उघड्या पाकिटात आठवडाभर पडलेला चालत नाही. दुसऱ्या वेळी नवं पाकीट फोडलं, पातं गॅसने तापवलं, इतकं की पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडावा, आणि जोडून झाल्यावर वर कोरड्या राखेची रास घालून रात्रभर तसंच ठेवलं. चुलीतली राख बायकोने भांड्यांसाठी साठवलेली होती, ती सगळी संपली. नंतर चीर नाही.

सगळ्यात नाजूक काम कानांचं. कान म्हणजे बकेटीवरच्या ज्या दोन उभ्या प्लेटांत पिना बसतात त्या. जुन्या बकेटीचं माप प्लायवूडवर जसंच्या तसं उतरवून घ्या. दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर, भोकापासून धारेपर्यंतचं अंतर आणि दोन कानांमधली मोकळी जागा, ही तीन मापं चुकली की बकेट एक तर पूर्ण वळत नाही किंवा वळताना हाताला घासते. मी प्लायवूडचा साचा आधी हाताला पिनेने लावून हलवून बघितला. मग कान बकेटीवर उभे करताना दोन्ही कानांच्या भोकांतून एकच लांब सरळ शाफ्ट आरपार घातला, प्रत्येक पिनेसाठी एक, आणि शाफ्ट आत असतानाच चार-चार टाके मारले. वेल्डिंग गार होताना ओढ घेतं. शाफ्ट नसता तर दोन मिलिमीटरने कान वाकले असते आणि पिन हातोड्याने मारावी लागली असती. टाके झाल्यावर सलग शिवण एका बाजूने मारत सुटायचं नाही. डावीकडे बोटभर, मग उजवीकडे बोटभर, असं फिरत राहायचं. वेल्डर कंटाळला, मी चहा पाजत राहिलो.

तळाला २५ मिलिमीटरची बारा भोकं पाडली. पाण्यातला गाळ काढताना पाणी तिथून गळून जातं, नाहीतर आपण दिवसभर पाणीच उचलत बसतो.

आणखी तीन किरकोळ फेरफार

मागचे दोन पाय, ज्यांवर मशीन तोललं जातं, त्यांचे लोखंडी तळवे मुरमाचा रस्ता पोखरतात. ट्रकच्या बाद टायरचे तुकडे कापून, नक्षी खाली ठेवून, तळव्यांना काउंटरसंक बोल्टने बसवले. रस्त्यावर खूणही उठत नाही आणि ओल्या जांभ्यावर पाय घसरत नाही.

हात डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या जॅकच्या लाइनमध्ये एकतर्फी फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह टाकला, जॅकमधून बाहेर पडणारं ऑइल अडवेल अशा बाजूने. आधी हात झटक्यात फिरून टोकाला धाडकन आदळायचा. आता मंद फिरतो. रुंद बकेट लावल्यावर याची गरज दुप्पट वाटते.

तिसरा फेरफार पुतण्याच्या कंपासपेटीतला. प्लास्टिकचा कोनमापक उलटा करून मडगार्डला स्क्रूने लावला आणि मध्यातून दोऱ्याला एक नट टांगला. झाला ओळंबा. ट्रॅक्टर आडवा किती कलला ते सीटवरून दिसतं. १० अंशांवर लाल रंगाची रेघ मारली आहे. दोरा तिथे गेला की काम थांबवून पाय परत टेकवायचे. एकदा मऊ मातीत डावा पाय हळूहळू रुतत होता, मला अंगाला काहीच जाणवलं नव्हतं. दोरा सरकताना दिसला.

खणायचं कधी आणि कसं

लोक हे काम मे महिन्यात काढतात, मीही काढायचो. तेव्हा जांभा लोखंडासारखा झालेला असतो. जांभ्याचा गुणच तो, ओला असताना कुऱ्हाडीने कापावा, उन्हाला लागला की घट्ट. नवं गटार मारायचं तर दिवाळीनंतर, जमिनीत ओल असताना. मेमध्ये नुसती साफसफाई.

आखणी पाणनळीने करा. १५ मीटरची पारदर्शक नळी, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. दर १० मीटरला खुंटी, प्रत्येक खुंटीवर पातळीची खूण, मग उतार किती ते टेपने. फक्कीची रेघ ओढून घ्या. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आमच्या मधल्या टप्प्यात एके ठिकाणी पाणी वर चढतंय असं बघणाऱ्याला वाटतं, नळी सांगते ३० सेंटिमीटर खाली आहे.

खणायला सुरुवात खालच्या तोंडाकडून, जिथे पाणी शेवटी सुटणार तिथून. ट्रॅक्टरचं नाक चढाकडे, मागचा हात उताराकडे. म्हणजे काम पुढे सरकतं तसं झिरपलेलं पाणी आपोआप खाली जातं. पाणी सोडायची जागा आधी ठरवा. माझं पाणी पऱ्याला, म्हणजे ओढ्याला जातं, मध्ये शेजाऱ्याचा गडगा (दगडी कुंपण) लागतो, म्हणून त्याला बोलावून जागा दाखवली आणि मगच बकेट टेकवली. खालच्या पाण्याचा वाद कोर्टात गेला की तुमची नातवंडं तारखा घेत बसतात.

आता खरी हातोटी. रुंद बकेट गटाराच्या लांबीच्या दिशेने ओढायची नाही. ट्रॅक्टर रस्त्याच्या मध्यात उभा करायचा, दरीकडचं चाक कडेपासून किमान दोन फूट आत, पाय टेकवायचे आणि हात डोंगराकडे काटकोनात फिरवायचा. बकेट पलीकडच्या काठावर टेकवून आपल्याकडे ओढायची: आधी डोंगराकडची तिरकी बाजू उतरते, मग तळावर बकेट आडवी चालवायची, मग रस्त्याकडची तिरकी बाजू चढत वर यायचं. एका ओढीत ९० सेंटिमीटर लांबीचं गटार तिन्ही बाजूंनी तासलं जातं. बूम (हाताचा ट्रॅक्टरकडचा भाग), आर्म (पुढचा भाग) आणि बकेट हे तीन लिव्हर एकाच वेळी थोडे थोडे हलवावे लागतात. पहिले दोन दिवस तळ पन्हाळीसारखा न होता पायऱ्यांसारखा होतो. इंजिन जोरात ठेवू नका. मिनिटाला १,२०० च्या आसपास फेरे पुरतात आणि हात शांत चालतो.

जिथे कातळ लागेल तिथे दातांची जुनी बकेट लावून आधी फोडून घ्यायचं. पिना बदलायला वीस मिनिटं लागतात, म्हणून कातळाची सगळी ठिकाणं एकाच दिवशी उरकावीत. मोठ्या मशीनचे ड्रायव्हर बकेट जमिनीला टेकवून मशीन पुढे ढकलतात, पाय उचलून, सीटवरून न उठता. ट्रॅक्टरवर असं केलं की सगळा भार चौकटीच्या पिनांवर येतो. माझी अंडाकृती पिन आधीच्या मालकाने अशीच केली असणार. उठा, पुढच्या सीटवर बसा, दीड मीटर पुढे घ्या, परत मागे बसा. कंटाळा येतो, पण ३१० मीटर मला साडेतीन दिवसांत झाले.

निघालेल्या मातीचे दोन ढीग. पाला-गाळाची काळी माती पोफळीला. ती चुकूनही रस्त्यावर टाकू नका, पहिल्या पावसात लोणी होतं. मुरूम आणि फुटलेला जांभा रस्त्यासाठी बाजूला. माझा एक तृतीयांश मुरूम असा घरचाच निघाला. बाहेरून आणाल त्याची रॉयल्टीची पावती जपून ठेवा.

काम करताना वर एकदा बघा. आमच्या वरच्या वळणावर विजेची तार झोळ घेते, आणि उचललेला बूम तिच्यापर्यंत सहज पोचतो. त्या २० मीटरांत पुतण्या खाली उभा राहून फक्त तार बघतो, दुसरं काही नाही. आणि पाचोळ्याच्या ढिगात हात घालू नका. जांभ्याच्या सापटीत फुरसं असतं, विषारी साप, फूट-दीड फूट लांब, मातीच्याच रंगाचं.

पाण्याची चाल मोडणं

मधल्या टप्प्यात ४ टक्के उतार आहे, म्हणजे नुसत्या मातीच्या गटाराला जास्तच. तिथे गटारात दगडांचे छोटे बांध घातले, १५ सेंटिमीटर उंच, मध्यभाग कडांपेक्षा चार बोटं खोलगट, म्हणजे पाणी मधूनच उडी मारेल, कडेने पोखरणार नाही. दोन बांधांत अंतर किती? खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पायथा एका पातळीत यायला हवा. १५ सेंटिमीटरला ४ टक्क्यांनी भागलं की पावणेचार मीटर. मी चार धरले. हे बांध बकेटने लावता येत नाहीत, हातानेच लावावे लागतात. उन्हाळ्यात साफ करताना बकेट त्यांच्या अलीकडे-पलीकडे चालवायची. सवय झाली की एकही दगड हलत नाही.

वरच्या घाटीत १० टक्के उतार, तिथे हे गणित दर दीड मीटरला बांध मागतं. तो नाद सोडला आणि तळाला दगड उभे रोवून पिचिंग केलं. खडबडीत ठेवलं मुद्दाम.

गाडीवाट ओलांडून पाणी पलीकडे न्यायला दोन ठिकाणी पाइप आहेत. आधी ३०० मिलिमीटरचे होते. हिशेबाने पाणी त्यातून जातं, पण आंब्याचा पाला जात नाही. २२ जुलै २०२१ ला, चिपळूण बुडालं त्या दिवशी, आमचं गटार कुठेही भरून वाहिलं नाही, पण वरचा पाइप एका फांदीने बुजला आणि तिथे रस्ता चार फूट कापला गेला. आता ४५० चे ह्यूम पाइप आहेत, जड वाहनाला चालणारे एनपी३, वर अर्धा मीटर भराव, उतार मीटरला दोन सेंटिमीटर. तोंडाला जाळी लावलेली नाही. जाळी लावली की पाला तिथेच धरतो.

आता रस्ता

गटार झालं की बॅकहो उतरवायचा. चौकटीच्या पिना नीट असतील तर दोघांना तासभर लागतो. तो मागे असेपर्यंत थ्री पॉइंटला काही जोडता येत नाही, आणि लोडरच्या बकेटीने रस्ता सपाट करायला गेलात तर लाटा उठतात. मी आधी कल्टिव्हेटर लावून रस्ता जेमतेम दोन इंच खरवडतो. घट्ट गुळगुळीत थरावर नवा मुरूम टाकला तर तो चिकटत नाही, पापुद्र्यासारखा निघतो. मग मुरूम चार इंच सैल पसरून लेव्हलरच्या पात्याने आकार द्यायचा.

आकार म्हणजे काय? मधल्या टप्प्यात रस्त्याचा मध्य कडांपेक्षा ६ सेंटिमीटर उंच. वरच्या घाटीत मात्र मी पूर्ण रस्ता डोंगराकडे कलता ठेवला, १० फुटांत १२ सेंटिमीटर. दरीकडे कलता ठेवला असता तर गटारच लागलं नसतं, असं पुस्तकी माणूस सांगेल. खरं आहे. पण श्रावणात रस्त्यावर शेवाळ धरतं आणि दूध घालायला येणारी पोरं दुचाकीवरून घसरतात. घसरायचंच असेल तर डोंगराकडे घसरावं, पोफळीत नको.

घाटीत चाकोरीतून धावणारं पाणी गटारात ढकलायला चार आडव्या रबरी पट्ट्या घातल्या, दर २० मीटरला एक. खडी क्रशरवरच्या बाद कन्व्हेयर पट्ट्याचे फूटभर रुंदीचे तुकडे, दोन फळ्यांमध्ये आवळून रस्त्यात उभे पुरले, वर फक्त अडीच इंच. गाडी गेली की रबर वाकतं आणि परत उभं राहतं. पट्टी काटकोनात टाकू नका. गटाराकडचं टोक उताराकडे झुकलेलं, साधारण ३० अंश तिरकं, नाहीतर तिच्यामागे गाळ साठून ती आठवडाभरात गडप होते.

दबाई ओलसर मुरमावरच होते. वळवाची एखादी सर झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी लोडरच्या बकेटीत दगड भरून ट्रॅक्टर मागेपुढे फिरवायचा, प्रत्येक वेळी चाक आधीच्या ठशाच्या शेजारून. वळीव आला नाही तर टँकरने शिंपडा. मुठीत मुरूम दाबला की गोळा व्हावा आणि हाताला पाणी लागू नये, तेवढी ओल.

बॅकहो परत चढवण्याआधी सगळ्या पिनांना ग्रीस मारा, जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत. काम चालू असताना दर आठ-दहा तासांनी पुन्हा. टाकीतलं हायड्रोलिक ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसत असेल तर आत पाणी गेलंय, बदला. जॅकचे दांडे पूर्ण आत घेऊन उभं करा. बाहेर राहिलेल्या दांड्याला पावसाळ्यात गंज धरतो आणि तो गंज सील खातो.

मिरगाच्या पहिल्या मोठ्या पावसात मी घोंगडी घेऊन, फावडं खांद्यावर टाकून वरपासून खालपर्यंत एकदा चालतो. मशीन अंगणातच असतं. पाणी कुठे रस्ता शोधतंय ते तेव्हाच दिसतं, दुसऱ्या दिवशी नुसत्या खुणा उरतात. गेल्या वर्षी दोन बांधांमधून पाणी कडेने जात होतं, चार दगड हलवले. वरच्या पाइपच्या तोंडाशी काजूचा पाला अडकला होता तो पायाने लोटला. खालच्या वळणावर चुलतभाऊ छत्री घेऊन उभा होता, म्हणाला, "इथं अजून एक पट्टी टाक." टाकली.